कंट्री गाणं ऐकताना आपलंच घर का आठवतं?

प्रश्न असा आहे: वडिलांच्या कॅसेटमुळे लहानपणापासून जिम रीव्ह्ज, जॉन डेन्व्हर, ग्लेन कॅम्पबेल असे अमेरिकेच्या ग्रामीण वळणाचं कंट्री संगीत गाणारे गायक कानावर पडले. अमेरिकेत कधी गेलेलो नाही. तिथली शेतं, मालगाड्या, लाकडी चर्च, काहीच पाहिलेलं नाही. तरी, अगदी लहानपणी शब्द पूर्ण कळत नव्हते तेव्हापासून, गाणं लागलं की गळा दाटून येतो आणि गाण्यात नसलेल्याच गोष्टी आठवतात. हे का होतं? आणि तीच गाणी मी स्वतः म्हणतो तेव्हा समोरच्यावर काहीच परिणाम का होत नाही?

मी गिटार आणि स्टील गिटार वाजवतो, शिकवतो. हॉटेलांतल्या बँडमध्ये, लग्नांत, नाताळच्या कार्यक्रमांत ही गाणी अनेक गायकांच्या मागे बसून वाजवली आहेत, त्यामुळे उत्तर वादकाच्या जागेवरून देतो. माझं म्हणणं एवढंच की चांगलं कंट्री गाणं गोष्ट नेमकी सांगतं, पण त्या गोष्टीबद्दल काय वाटून घ्यायचं ते सांगत नाही. तेवढी जागा मोकळी सोडतं आणि ऐकणारा ती स्वतःच्या सामानाने भरतो. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर यात आहे, दुसऱ्याचं तर जास्तच.

आपण धरून चालतो की घराची ओढ लावणारं गाणं लिहिणारा त्या घरात वाढलेला असणार. 'टेक मी होम, कंट्री रोड्स'चंच बघा. १९७१ सालचं हे गाणं बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडीने सुरू केलं आणि जॉन डेन्व्हरला सोबत घेऊन पूर्ण केलं. कल्पना सुचली ती मेरीलँडमधल्या एका वळणावळणाच्या रस्त्यावर. डॅनॉफ मूळचा मॅसॅच्युसेट्सचा. आधी त्याच राज्याचं नाव घालावं असा विचार होता, कारण चालीत तेही बसत होतं. वेस्ट व्हर्जिनियात तो तोवर गेलेलाही नव्हता. शिवाय गाण्यातले ब्लू रिज डोंगर आणि शेनंडोआ नदी बहुतांशी शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात येतात, वेस्ट व्हर्जिनियाच्या पूर्व टोकाला जेमतेम शिवतात. भूगोलाच्या पेपरात एवढ्यावर गुण कापले गेले असते. वेस्ट व्हर्जिनियाने मात्र २०१४ मध्ये हे गाणं अधिकृत राज्यगीतांमध्ये घेतलं. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर सामना जिंकल्यावर हजारो लोक ते एकसुरात गातात.

कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिल शहरातला गीतकार हार्लन हॉवर्ड याच्या नावावर 'तीन कॉर्ड आणि सत्य' ही कंट्रीची व्याख्या सांगितली जाते. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर, आणि तीन कॉर्डचं मला मान्य आहे. सत्याच्या बाबतीत वरचं उदाहरण बघून थोडं सबुरीने घ्यावं. गाण्याला लागतं ते नेमकेपण. 'कंट्री रोड्स'च्या मधल्या भागात गाडी चालवणारा म्हणतो की रेडिओ ऐकून घर किती लांब आहे ते जाणवतंय आणि आपण खरं तर कालच पोचायला हवं होतं. 'काल पोचायला हवं होतं' ही भावना गणपतीच्या आदल्या रात्री कोकणच्या गाडीत उभ्याने जाणाऱ्या माणसाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. गाण्यात डोंगर तिथला आहे, उशीर मात्र ऐकणाऱ्याचा स्वतःचा असतो.

हे नेमकेपण कसं काम करतं ते डॉली पार्टनकडून शिकावं. टेनेसीच्या डोंगराळ भागात बारा भावंडांत ती वाढली. 'कोट ऑफ मेनी कलर्स' या १९७१च्या गाण्यात तिची आई चिंध्यांच्या पेटीतले तुकडे जोडून मुलीसाठी कोट शिवते आणि शिवता शिवता बायबलमधल्या योसेफाच्या रंगीत झग्याची गोष्ट सांगते. मुलगी तोऱ्यात शाळेत जाते आणि पोरं तिला हसतात. संपली गोष्ट. हे गाणं मी ज्या ज्या मराठी घरांत वाजवलं तिथे बायकांनी नंतर गोधडीचा विषय काढला. कुणाच्या आजीने कुठल्या लुगड्याची शिवली, कुठला तुकडा कुणाच्या परकराचा होता. डॉलीने 'आईचं प्रेम' असा मोघम शब्द वापरून गाणं लिहिलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि विषय तिथेच संपला असता. चिंध्यांची पेटी म्हटल्यावर प्रत्येकीला आपल्या घरातलं गाठोडं दिसलं.

दुसरं उदाहरण वेगळ्या जातीचं. हँक विल्यम्सचं 'आय एम सो लोन्सम आय कुड क्राय', १९४९. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला टाकलेलं गाणं, आज त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांपैकी एक. त्यात एक रातपक्षी आहे, मध्यरात्रीची आगगाडी आहे, ढगाआड गेलेला चंद्र आहे, गळणारी पानं आहेत. कोण सोडून गेलं, का गेलं, भांडण झालं की मरण आलं, याचा पत्ताच नाही. आणि हे सगळं मेजर स्केलमध्ये, म्हणजे आपल्या बिलावलच्या स्वरांत, तीन-तीन मात्रांच्या झोक्यावर. हा मुद्दा नवख्यांना पटवायला मला फार वेळ लागतो. दुःखाचं गाणं म्हणजे कोमल स्वर, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. जुनी कंट्री गाणी बहुतेक सगळी शुद्ध स्वरांतली आहेत, भजनांच्या चालीवर वाढलेली. शब्द रडतात आणि चाल झुलत राहते. आठवणीचंही तसंच असतं, त्रास होतो म्हणून आपण ती काढायचं थांबवत नाही.

या गाण्यांचा मूळ श्रोता कोण होता हेही लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियातून लाखो माणसं डेट्रॉइट, शिकागो, ओहायोच्या कारखान्यांकडे गेली. १९६३ मध्ये बॉबी बेअरने गाजवलेल्या 'डेट्रॉइट सिटी'तला कामगार गावाकडे सगळं छान चाललंय अशी पत्रं लिहितो. गावाला वाटतं पोरगा मोठा झाला. तो दिवसा मोटारी जोडतो आणि रात्री बारमध्ये बसतो. गिरणगावातल्या चाळीत ज्यांचे आजोबा मनीऑर्डर करत राहिले, त्यांना या गाण्याचं भाषांतर लागत नाही.

आता गाणाऱ्याबद्दल, कारण तुमचा दुसरा प्रश्न इथे येतो. जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' ऐका. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी लिहिलेलं, १९८० मध्ये आलेलं. एक माणूस म्हणतो, मरेपर्यंत तिच्यावर प्रेम करीन. वर्षं जातात, तिचा फोटो भिंतीवर राहतो. उशाशी १९६२ सालची पत्रं, त्यात प्रेमाचा उल्लेख जिथे जिथे आहे तिथे तिथे लाल रेघ ओढलेली. शेवटी कळतं की आज त्याने प्रेम करणं थांबवलंय, कारण आज त्याच्या दारावर पुष्पचक्र लागलंय आणि थोड्याच वेळात त्याला उचलून नेणार आहेत. जोन्सला स्वतःला हे गाणं फार मरणकळेचं वाटलं होतं, कोण विकत घेणार म्हणून तो कुरकुरत होता. निर्माता बिली शेरिल मागे लागून राहिला आणि गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं.

कारागिरी बघायची तर हे बघा की गोष्ट सांगणारा तो प्रियकर नाही, त्याचा मित्र आहे. रडण्याचा पहिला हक्क त्याचा नाही, म्हणून तो सरळ आवाजात सांगत जातो. अखेरच्या दर्शनाला ती बाई येते तो भाग तर जोन्स गातही नाही, बोलतो. जोन्सच्या गळ्यात इतकी फिरत होती की त्याला हवं तर तो त्या जागी काहीही करू शकला असता. त्याने केलं नाही. रडवेल्या आवाजात गाणारा गायक ऐकणाऱ्याचं काम स्वतःच उरकून टाकतो. मग ऐकणाऱ्याकडे टाळ्या वाजवण्यापलीकडे काही उरत नाही.

मी सगळ्या रडव्या गाण्यांची वकिली करत नाहीये. मरणारं मूल, म्हातारा कुत्रा, झेंडा आणि पाऊस एकाच गाण्यात कोंबणारे गीतकार नॅशव्हिलमध्येही भरपूर झाले. गेल्या पंधरा-वीस वर्षांत रेडिओवर चालणारी अनेक गाणी तर निव्वळ याद्या आहेत: पिकअप ट्रक, मातीचा रस्ता, गार बिअर, जीन्स. वस्तू त्याच, पण त्यांचं कुणाचंच काही झालेलं नसतं. चिंध्यांच्या पेटीत आणि या यादीत फरक हा की पेटीतून आई काहीतरी करते.

तुम्ही म्हणता, शब्द पूर्ण कळायच्या आधीच, लहानपणीसुद्धा, आत काहीतरी हलायचं. ते बरंचसं स्टील गिटारचं काम. आणि इथे आपला कान परका नाही. गिटार आडवी ठेवून तारेवर लोखंडी दांडी सरकवायची पद्धत हवाई बेटांवरची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणाने ती रुजवली असं मानतात. तिथून ती अमेरिकेच्या दक्षिणेत गेली आणि भारतातही आली. ताऊ मो हा हवाईयन गिटारवादक १९४० च्या दशकात कलकत्त्यात होता. पुढे व्हॅन शिपलेसारख्या वादकांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धून या वाद्यावर वाजवल्या आणि आकाशवाणीवरून त्या घरोघरी पोचल्या. तुमच्या वडिलांच्या पिढीला हा आवाज नॅशव्हिलमुळे नव्हे, रेडिओमुळे ओळखीचा होता.

नॅशव्हिलने त्यात एक भर घातली ती पायाने दाबायच्या पेडलची. पेडल आधीही होते, पण वादक ते तारांची जुळणी बदलायला वापरत. १९५४ मध्ये गाजलेल्या वेब पिअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबला आणि स्वर सगळ्यांच्या कानांसमोर सरकला. त्यानंतर प्रत्येकाला तो आवाज हवा झाला. आजच्या नेहमीच्या पेडल स्टीलला दहा तारा, तीन पेडल आणि गुडघ्याने हलवायच्या चार-पाच पट्ट्या असतात. सा, ग, प असा कॉर्ड वाजतोय असं समजा. पहिले दोन पेडल दाबले की ग सरकून म होतो, प सरकून ध होतो आणि सा जागचा हलत नाही. मींड आपल्याला नवी नाही. पण एक स्वर ठाम उभा आहे आणि बाकीचे त्याच्यापासून सरकत चाललेत, हे एकाच वाद्यावर एकाच वेळी ऐकणं वेगळं आहे. कोणीतरी दारात थांबलंय आणि कोणीतरी निघालंय, असं मला ते दरवेळी वाटतं. त्यातच उजव्या पायाखाली आवाजाचा पेडल असतो. तार छेडतानाचा ठोका त्याने लपवायचा आणि मग हळूहळू आवाज उघडायचा. स्वर कुठे सुरू झाला ते कळत नाही, आपोआप आल्यासारखा वाटतो.

मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये श्रोत्यांना विचारून संगीतातल्या नेमक्या कुठल्या जागी डोळे भरतात ते तपासलं होतं. बऱ्याचदा ती जागा अशी निघाली की शेजारचा, न बसणारा स्वर आधी लागतो आणि मग तो आपल्या जागी उतरतो. त्यांचा भर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतावर होता, पण पेडल स्टील दर चार ओळींनी हेच करत असतं.

आता ग्लेन कॅम्पबेल. १९६८ सालचं 'विचिटा लाइनमन' जिमी वेबने लिहिलं. ओक्लाहोमाच्या सपाट माळावर टेलिफोनच्या खांबावर एकटा काम करणारा माणूस त्याने पाहिला होता. वेबच्या मते गाणं अपुरं होतं, आणखी एक कडवं यायचं होतं. कॅम्पबेलने वाट न बघता ते तसंच रेकॉर्ड केलं आणि न लिहिलेल्या कडव्याच्या जागी खर्जातल्या गिटारवर चाल वाजवली. मी मघापासून ज्या मोकळ्या जागेबद्दल बोलतोय, ती या गाण्यात अक्षरशः आहे. स्वररचनेतही गाणं घरी परतत नाही. ज्या स्वरावर सुरुवातीचा षड्ज वाटतो तिथून ते दुसऱ्याच षड्जाकडे जातं आणि पहिल्यावर कधी नीट टेकत नाही. पहिल्यांदा वाजवताना बोटं शेवट शोधत राहतात.

याच कॅम्पबेलला अल्झायमर झाल्याचं २०११ मध्ये जाहीर झालं. त्यानंतरही त्याने निरोपाचा दौरा काढला, बँडमध्ये त्याची तीन मुलं होती. शब्द समोरच्या पडद्यावर वाचावे लागत, बोलताना धागा सुटे, पण गिटारवरचे तुकडे बोटांतून निघत राहिले. २०१७ मध्ये तो गेला. स्मृतीचा आणि गाण्याचा संबंध मेंदूत कुठे लागतो यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या पीटर जनाटा यांचा २००९ चा अभ्यास आहे. तरुण माणसांना त्यांच्या बालपणातली आणि किशोरवयातली गाणी ऐकवली. ज्या गाण्यांनी स्वतःच्या आयुष्यातलं काही आठवलं, त्या वेळी कपाळामागच्या मधल्या भागात हालचाल दिसली. अल्झायमरमध्ये हा भाग तुलनेने उशिरा झिजतो. वादक म्हणून मी यात हातांची सवयही धरीन. वर्षानुवर्षं वाजवलेलं वेगळ्या कप्प्यात राहतं.

आणि वडिलांच्या कॅसेटबद्दल. स्वतःच्या किशोरवयातली गाणी जन्मभर घट्ट धरून राहतात हे जुनंच निरीक्षण आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रमहान्सल यांनी २०१३ मध्ये त्यात एक मजेशीर गोष्ट दाखवली. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांशी जोडलेल्या आठवणी तर होत्याच, पण आईवडील तरुण होते तेव्हाच्या गाण्यांशीही बऱ्याच होत्या. म्हणजे जिम रीव्ह्ज लागल्यावर तुम्हाला टेक्सास आठवत नाही, हे बरोबरच आहे. तुम्हाला रविवारची सकाळ, टेपरेकॉर्डरचं झाकण आणि दाढी करणारे वडील आठवत असणार. त्यांना त्या वयात काय हवं होतं आणि काय मिळालं नाही, याचा अंदाजही तुम्हाला बहुधा त्या गाण्यांतूनच आला असेल. आपल्याकडे बापमाणसं असलं काही बोलून दाखवत नाहीत, कॅसेट लावतात.

जिम रीव्ह्जचं नाव मुद्दाम घेतलं, कारण शिकायला त्याच्याइतका सोयीचा गायक नाही. सुरुवातीला तो जोरात गायचा. १९५७ च्या 'फोर वॉल्स'च्या वेळी तो मायक्रोफोनच्या अगदी जवळ गेला आणि आवाज खाली आणला. निर्माता चेट ॲटकिन्सने ते तसंच राखलं. १९६४ मध्ये विमान अपघातात तो गेला, पण गोव्यात आणि वांद्र्याला नाताळात त्याचा आवाज अजून ऐकू येतो.

तुमच्या गाण्याचं रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही, पण जे नेहमी दिसतं ते सांगतो. लय पाडू नका. भाव आणायचा म्हणून गाणं संथ केलं की गोष्ट रेंगाळते. पहिलं कडवं अनोळखी माणसाला पत्ता सांगावा तसं म्हणा: स्पष्ट, घाई नाही, भर कशावरच नाही. हरकती आणि मुरक्या काढून टाका. आपल्याकडचे तयारीचे गायक इथेच अडकतात, कारण मोकळी जागा दिसली की गळा ती भरायला धावतो. ती जागा वाद्याची आहे, आणि वाद्याने सोडली तर ऐकणाऱ्याची. अमेरिकन हेल आणू नका. खोटा हेल लगेच कळतो आणि मग लोक गाण्याऐवजी तुमच्याकडे बघतात. शब्दांची शेवटची व्यंजनं मात्र तोडू नका, ती गेली की गोष्ट गेली. पट्टी अशी निवडा की सगळ्यात खालचा स्वर जेमतेम लागेल. वरच्या स्वरासाठी जोर लावावा लागत असेल तर पट्टी आणखी उतरवा. आवाज फुटलाच तर गाण्यात एकदाच फुटू द्या, आणि तेही ठरवून नको.

गिटारवर अंगठ्याने खर्जाची तार, मग हलका झणकार, एवढंच पुरे. शेवटच्या ओळीआधी एक आवर्तन गप्प राहायची सवय करा. सुरुवातीला ते फार लांब वाटेल.

गाणं म्हणून 'फोर वॉल्स' घ्या, त्याला आवाका कमी लागतो. मग हँक विल्यम्सचं तीन मात्रांचं गाणं. जॉर्ज जोन्सचं ते गाणं सध्या फक्त ऐका, म्हणायला निदान वर्षभर थांबा. त्यातला बोलायचा तुकडा नवख्याच्या तोंडी हमखास नाटकी होतो.